संहिता, प्रयोग आणि विद्यापीठ

१

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कान्हू पाठक यांच्या नावामुळे येते. ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन मानल्या गेलेल्या या संतकवीची समाधी केंदूरला आहे आणि गावाची ओळखही त्या समाधीशी निगडित आहे. विद्यापीठाच्या मराठी विभागात कान्हू पाठक भेटतात ते संतमंडळाच्या यादीतील एक नाव म्हणून. गाथेत समाविष्ट झालेल्या मोजक्या रचनांचे कर्ते म्हणून. वारकरी परंपरेतल्या कोणत्याही गावात मात्र अभंगाचे अस्तित्व वेगळे असते. तेथे अभंग हा टाळकऱ्यांनी उचलायचा, मृदंगाने तोलायचा आणि कीर्तनकाराने निरूपणातून उलगडायचा असतो. छापील पानावरचा अभंग आणि सप्ताहातील अभंग या दोहोंची शब्दकळा एकच असली तरी त्या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली संहिता आहे, दुसरा प्रयोग.

महाराष्ट्रातील विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराने यांपैकी पहिल्या वस्तूला दीर्घकाळ अभ्यासविषय मानले आणि दुसरीला अभ्यासविषयाचे निमित्त. नाटक, तमाशा, कीर्तन, संगीत, चित्रपट या सर्वांच्या बाबतीत हा भेद कमीअधिक प्रमाणात दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगकला, चित्रपट आणि संज्ञापनमाध्यमे यांना विद्यापीठाची दारे उघडली, ही घटना सामान्यतः एका प्रगतीची कहाणी म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्या कहाणीची फेरतपासणी करण्याचा आहे. प्रयोगाला विद्यापीठात प्रवेश मिळाला तो कोणत्या अटींवर, त्या अटींमुळे कोणते ज्ञान आत आले आणि कोणते उंबरठ्याबाहेर राहिले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

या प्रश्नाचा आरंभ विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच शोधावा लागतो. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीचा काही भाग कंपनी सरकारने मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळविला होता. ज्ञानाची राजमान्यता कोणाला द्यायची हे ठरविणारी अशी ती यंत्रणा होती. कमिटीने फुल्यांचे नाटक नाकारले. ते प्रथम छापले गेले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून, म्हणजे लेखनानंतर सव्वाशे वर्षांनी. या नकाराची जातीय मीमांसा झालेली आहे आणि ती योग्यच आहे. खुद्द फुल्यांनी कमिटीतील ब्राह्मण सभासदांकडे बोट दाखविले होते. परंतु तिला जोडून आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी. ‘तृतीय रत्ना’तील विदूषक पात्रांच्या बोलण्यावर भाष्य करतो आणि प्रेक्षकाला जागे ठेवतो, लोकनाट्याच्या प्रेक्षकाला ही रीत अपरिचित नव्हती. कमिटीच्या हाती आलेली वस्तू तिच्या दृष्टीने एक ग्रंथ होता आणि ग्रंथाच्या निकषांवरच तिचा निकाल लागला. तो लागताना नाटकाची प्रयोगक्षमता हा प्रश्नच उपस्थित होऊ शकत नव्हता.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा मराठी रंगभूमी अस्तित्वात होती; विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीला १८४३ मध्ये झाले होते. विद्यापीठाने मात्र आधी मराठी भाषेलाच वरच्या परीक्षांत स्थान नाकारले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्या. रानडे यांनी केलेल्या प्रयत्नांनंतर ते परत दिले. ज्या विषयाला स्वतःची विद्वत्प्रतिष्ठा इतक्या कष्टाने सिद्ध करावी लागली, त्याने संस्कृत आणि इंग्रजी या दोन प्रतिष्ठित विषयांची पद्धती उचलली, यात नवल नाही. ती पद्धती पाठचिकित्सेची आणि वाङ्मयीन रसग्रहणाची होती. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी हे अभ्यासक्रमात आले ते नाटककार म्हणून. त्यांच्या नाटकांतील पदे आली ती काव्य म्हणून. नाट्यपद हे चाल, ताल, गळा आणि प्रेक्षकाचा ‘वन्समोअर’ यांच्यासह घडणारी गोष्ट आहे, हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांतील कित्येकांनी रात्री जागवून ही नाटके पाहिली होती. पण रात्रीचा तो अनुभव सकाळच्या व्याख्यानात आणण्याची भाषा विषयाजवळ नव्हती.

हे दुखणे मराठीपुरते नव्हते. अमेरिकेत जॉर्ज पिअर्स बेकर यांनी हार्वर्ड विद्यापीठात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाट्यलेखनाचा वर्ग सुरू केला. पण प्रयोगाला पदवीची मान्यता तेथे मिळाली नाही आणि १९२५ मध्ये ते येल विद्यापीठात गेले. ब्रिटनमध्ये विद्यापीठातील पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला १९४७ मध्ये निघाला. शेक्सपिअरच्या देशाला जो निर्णय घेण्यास इतका अवधी लागला, तो मुंबई-पुण्यात लवकर घेतला जाईल अशी अपेक्षा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

३

प्रयोगकलांपैकी संगीताला संस्थात्मक शिक्षणाचे दार तुलनेने लवकर उघडले आणि त्यात मराठी भाषकांचा वाटा मोठा होता. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक समान साधन होते, ते म्हणजे स्वरलेखन. बंदिश कागदावर उतरली की तिचा क्रमिक पाठ्यक्रम बांधता येतो, वर्गात एकाच वेळी अनेकांना ती शिकविता येते, परीक्षा घेता येते, प्रमाणपत्र देता येते. थोडक्यात, संगीताने शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळविला तो स्वतःला अंशतः संहितेत रूपांतरित करून.

या रूपांतराने पुष्कळ काही दिले. मध्यमवर्गीय घरातील मुलीला गाणे शिकणे शक्य झाले, ही गोष्ट सामान्य नव्हे. घराण्यांच्या बंद पेट्या उघडल्या, दुर्मिळ बंदिशी जतन झाल्या. परंतु देणे-घेण्याच्या या व्यवहारात कोणाच्या नावे काय पडले, हेही पाहावे लागते. जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पलुस्कर आणि भातखंडे यांच्या कार्याची जी चिकित्सा केली, तिच्यात राष्ट्रवादी संगीतसुधारणेच्या या प्रकल्पात मुसलमान उस्तादांचे स्थान कसे आक्रसत गेले याची मांडणी आहे. कलावंतिणींचा प्रश्न तर अधिकच बिकट होता. ज्यांच्या गळ्यात ही कला टिकली, त्यांच्यापासून तिला वेगळी काढल्याशिवाय ती ‘सभ्य’ होणार नाही, असा समज या सुधारणेत अनुस्यूत होता. कला शुद्ध ठरली, कलावंत संशयास्पद राहिला. पुढे तमाशाच्या बाबतीत हाच नमुना पुन्हा गिरविला गेलेला दिसेल.

याच सुमारास पुणे जिल्ह्यात निराळ्या पद्धतीने काम करणारी एक संस्था जन्माला आली. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा क्रम, ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचे पाठांतर व अर्थनिरूपण, त्याला जोडून गायन आणि मृदंग असे तेथील शिक्षणाचे स्वरूप. संहिता आणि प्रयोग यांची जी फारकत विद्यापीठाने गृहीत धरली होती, ती या संस्थेत मुळातच नव्हती. कारण येथे ओवीचा अर्थ समजल्याची कसोटी उत्तरपत्रिकेत नव्हे, श्रोत्यांसमोर उभे राहून लागत असे. या संस्थेच्याही मर्यादा होत्या. तिची रचना प्रामुख्याने मुलांसाठी होती आणि परंपरेची चिकित्सा हे तिचे उद्दिष्ट नव्हते. तरीही शिरूर, खेड, जुन्नर या परिसरातील गावांना कीर्तनकार पुरविणारी ही व्यवस्था एक सुसंघटित प्रयोगशिक्षणव्यवस्था आहे, ही नोंद महाराष्ट्रातील प्रयोगकलांच्या शिक्षणाच्या इतिहासात सहसा केली जात नाही. तिला धर्मशिक्षण म्हणून बाजूला ठेवले जाते. भरतनाट्यम् मंदिरातून आले तरी ते कला ठरते आणि कीर्तन मात्र धर्मच राहते, या वर्गीकरणामागील निकष कोणते, याचा विचार व्हायला हवा.

४

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटू लागले. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि तेथे संगीत, नृत्य व नाट्य यांना विद्यापीठाच्या रचनेतच जागा मिळाली. नाट्यशिक्षणाची धुरा चंद्रवदन मेहता यांनी वाहिली. १९५६ मध्ये खैरागढला संगीत व कला यांना वाहिलेले विद्यापीठ निघाले. १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या संगीतकेंद्राचे संचालकपद १९६८ पासून १९८३ पर्यंत अशोक दा. रानडे यांच्याकडे होते. रानडे स्वतः गायक, इंग्रजी व मराठी साहित्याचे अभ्यासक आणि संगीतचिंतक होते. १९७५ मधील ‘लोकसंगीतशास्त्र’ या ग्रंथातून त्यांनी कलासंगीताच्या पलीकडचा प्रदेश अभ्यासाच्या कक्षेत आणला. आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा संगीतकोटी स्वतंत्र मानून प्रत्येकीला तिच्या अंगभूत निकषांनी तपासावे, ही त्यांची भूमिका प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे कीर्तनातील गाणे हे ‘कच्चे शास्त्रीय’ ठरण्यापासून वाचते.

मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात कमलाकर सोनटक्के यांच्या पुढाकाराने नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीपासून दूर असलेल्या, ग्रामीण आणि दलित विद्यार्थ्यांची संख्या मोठी असलेल्या विद्यापीठात हा विभाग निघाला, हा योगायोग फलदायी ठरला. तमाशाच्या वातावरणात वाढलेले रुस्तुम अचलखांब याच विद्यापीठात नाट्याचे अध्यापक झाले आणि ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. ज्याला इतर अभ्यासक बाहेरून न्याहाळत होते, त्याबद्दल आतून बोलणारा अध्यापक विद्यापीठाला प्रथमच लाभत होता.

पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्राची स्थापना १९८७ ची. त्याची ‘गुरुकुल’ योजना हा या इतिहासातील सर्वांत लक्षणीय प्रयोग म्हणावा लागेल. विद्यार्थ्याने संगीत वा नृत्य यांची तालीम गुरूकडे घ्यावी आणि शास्त्र व इतिहास यांचे शिक्षण केंद्रात घ्यावे, अशी ही योजना. कथकच्या क्षेत्रात रोहिणी भाटे यांच्यासारख्या नर्तकीचा सहभाग केंद्राला लाभला. वरवर पाहता हा एक प्रशासकीय तोडगा वाटतो. वस्तुतः त्यात एक तात्त्विक कबुली दडलेली आहे. ज्ञान देणारी व्यक्ती पदवीधर असलीच पाहिजे, हे आधुनिक विद्यापीठाचे मूलभूत गृहीतक आहे. गुरुकुल योजनेने ते शिथिल केले. ज्ञानाचे एक केंद्र विद्यापीठाबाहेर, कलावंताच्या घरात आहे असे मान्य केले.

पण ही कबुली अर्धीच राहिली. परंपरागत गुरुशिष्यसंबंधात वेळेची गणना नसते. विद्यापीठाला सत्र असते. गुरू शिष्याला वर्षभर एकच राग देऊ शकतो; अभ्यासक्रमात रागांची यादी असते. गुरू ‘अजून तयारी नाही’ म्हणून थांबवू शकतो. विद्यापीठाला गुण द्यावे लागतात. दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या व्यवस्थेत गुरूचा शब्द अंतिम असे आणि शिष्याला दाद मागण्यास जागा नसे. विद्यापीठाने ती जागा निर्माण केली. म्हणजे या जोडणीत दोन्ही व्यवस्थांनी एकमेकींना मर्यादा घातल्या. हा ताण म्हणजे योजनेचे अपयश नव्हे. प्रयोगशिक्षण विद्यापीठात आणायचे तर तो सोसण्यावाचून गत्यंतर नाही.

१९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकर केंद्राचे प्रमुख होते. आळेकरांची वाटचाल प्रातिनिधिक आहे. त्यांची पदव्युत्तर पदवी जीवरसायनशास्त्रातील, नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात आणि नाट्यशिक्षण झाले ते हौशी-प्रायोगिक रंगभूमीच्या तालमीत. ‘घाशीराम कोतवाल’च्या वादानंतर १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमीने ऐंशीच्या दशकात नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांसाठी प्रशिक्षणयोजना राबविल्या, त्यांमागेही ते होते. महाराष्ट्रात विद्यापीठीय नाट्यशिक्षणाची बांधणी अशा रीतीने प्रामुख्याने विद्यापीठाबाहेर घडलेल्या रंगकर्मींनी केली. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये थिएटर आर्ट्सची अकादमी सुरू झाली तेव्हा तिचे संचालकपद वामन केंद्रे यांच्याकडे आले, हेही याच क्रमातले. मराठी विभागांतून नाट्यविभाग जन्मले नाहीत. ते त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे वसले. परिणामी संहिता मराठी विभागाकडे आणि प्रयोग नाट्यविभागाकडे, अशी वाटणी झाली. जुनी फारकत मिटण्याऐवजी तिला दोन इमारती मिळाल्या.

५

चित्रपटाची कथा आणखी वेगळ्या वळणाने जाते. १९२९ मध्ये कोल्हापूरला स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळविला. कीर्तनपरंपरेच्या अभ्यासकाने हा चित्रपट बारकाईने पाहावा असा आहे. विष्णुपंत पागनीस यांच्या गायनातील साधेपणा आणि सालोमालोच्या नाटकी आविर्भाव यांच्या विरोधातून चित्रपट एक प्रयोगशास्त्रीय विधानच करतो: तीच रचना दोन कंठांतून दोन भिन्न अर्थ प्रसवते. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकाने या चित्रपटाला भारतीय आधुनिकतेच्या चर्चेत मध्यवर्ती स्थान दिले. मराठी विभागांतील तुकारामविषयक संशोधनाने मात्र त्याला क्वचितच पुरावा मानले. विसाव्या शतकातील असंख्य मराठी माणसांच्या मनातील तुकाराम ज्या कलाकृतीने घडविला, ती तुकारामाच्या स्वीकाराच्या इतिहासातून वगळली जाते, याला केवळ दुर्लक्ष म्हणता येत नाही. अभ्यासविषयाच्या व्याख्येतच ती बसत नव्हती.

प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिची शिफारस स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात केली होती. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते जोपासले. सतीश बहादूर यांनी इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटास्वादाचे अध्यापन रुजविले. चित्रपट दृश्यागणिक वाचायचा असतो, हा संस्कार त्यांच्या वर्गांतून आणि चित्रपटमंडळांतून पसरला. मुंबईची प्रभात चित्र मंडळ ही संस्था १९६८ ची. या वातावरणातूनच मराठी चित्रपटसमीक्षेची गंभीर परिभाषा घडली. अरुण खोपकर यांचा ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हा ग्रंथ १९८५ चा, तो लिहिणारे इन्स्टिट्यूटचे पदवीधारक, कोणत्याही मराठी विभागाचे प्राध्यापक नव्हेत.

ही इन्स्टिट्यूट माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीत होती आणि पदवी न देता पदविका देत होती. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरचित्रवाणीवरील शैक्षणिक कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी पुण्यातही निर्मितिकेंद्र निघाले. म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेरीस पुण्यात चित्रपट, वृत्तपत्रविद्या, शैक्षणिक दूरचित्रवाणी आणि प्रयोगकला यांचे शिक्षण देणाऱ्या चार व्यवस्था काही मैलांच्या अंतरात नांदत होत्या. त्यांच्यात देवाणघेवाण झाली ती व्यक्तींच्या पातळीवर; ज्ञानशाखेच्या पातळीवर नाही. चित्रपट हा एका मंत्रालयाचा विषय, विद्यापीठ दुसऱ्याचा, संस्कृती तिसऱ्याचा, ही प्रशासकीय विभागणी पाहता पाहता ज्ञानाची विभागणी होऊन बसली. भाषेचीही एक दरी होती. चित्रपटशिक्षणाची भाषा मुख्यतः इंग्रजी राहिली, त्यामुळे शिरूर वा दौंडच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याला पुण्याचे अंतर नकाशावरील अंतरापेक्षा कितीतरी अधिक वाटले असल्यास आश्चर्य नाही.

अलीकडे या रचनेत बदल झाले आहेत. चित्रपट संग्रहालय २०२२-२३ या काळात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि २०२५ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदविकेचे पदवीत रूपांतर होणे ही प्रतिष्ठेची बाब आहे. परंतु संगीताच्या इतिहासाने शिकविलेला प्रश्न येथेही उभा राहतो. विद्यापीठाचे रूप घेताना चित्रपटशिक्षण आपल्या कार्यशाळेचे नियम विद्यापीठाला शिकवील, की विद्यापीठाच्या वेळापत्रकात स्वतःला बसवून घेईल?

६

तमाशाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने विचारावा लागतो. वि. कृ. जोशी यांचे ‘लोकनाट्याची परंपरा’, प्रभाकर मांडे यांचे ‘लोकरंगभूमी’, रा. चिं. ढेरे यांचे ‘लोकनागर रंगभूमी’ या ग्रंथांनी लोकनाट्याला विद्वत्प्रतिष्ठा दिली. त्यांतही ढेऱ्यांनी लोक आणि नागर यांच्यातील भिंत कृत्रिम असल्याचे दाखविले, हे त्यांचे मोठेच ऋण आहे. मुंबई विद्यापीठात या शतकाच्या आरंभी लोककला अकादमी सुरू झाली आणि प्रकाश खांडगे यांच्या कारकिर्दीत लोककलांना पदव्युत्तर अध्यापनात स्थान मिळाले.

तरीही तमाशाची मूळ शिक्षणव्यवस्था वेगळीच आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावी तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील जत्रांचा हंगाम या व्यवहारावर चालतो. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारखी कलावती याच व्यवस्थेत घडली. तेथे शिक्षण म्हणजे फडात वाढणे; परीक्षा म्हणजे समोरचा प्रेक्षक. वगाची संहिता बहुधा लिहिलेली नसते; सोंगाड्या आणि सरदार यांच्या हजरजबाबात ती रोज नव्याने घडते. अशा कलेची संहिता छापून ती अभ्यासक्रमाला लावली की हाती काय उरते? तमाशाचे ज्ञान नव्हे, तमाशाविषयीचे ज्ञान. ते अर्थातच त्याज्य नाही. पण ज्यांच्याजवळ पहिल्या प्रकारचे ज्ञान आहे, त्या मुख्यतः कोल्हाटी, मातंग, महार अशा जातींतील कलावंतांना विद्यापीठ आमंत्रण देते ते प्रात्यक्षिकासाठी, आणि त्यांच्यावरील प्रबंधाची पदवी दुसऱ्यालाच मिळते. भातखंड्यांच्या काळात उस्ताद आणि कलावंतिणी यांच्या वाट्याला जे आले, त्याची ही सुधारित आवृत्ती आहे. अचलखांबांचे उदाहरण म्हणूनच मोलाचे. ते अपवादात्मक राहिले ही खेदाची बाब होय.

केंदूरच्या शेजारच्या पाबळ गावी १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकणे, हे त्याचे सूत्र. औपचारिक शाळेने बाहेर टाकलेल्या मुलांना वेल्डिंग, शेती, बांधकाम अशा कामांतून विज्ञान शिकविता येते आणि हातांचे ज्ञान हे डोक्याच्या ज्ञानाचे कनिष्ठ भावंड नव्हे, ही त्यामागील धारणा. प्रयोगकलांच्या शिक्षणाची चर्चा करणाऱ्यांनी या प्रयोगाकडे क्वचितच पाहिले. वास्तविक दोन्हीकडे वाद एकच आहे. ‘करणे’ हा ‘जाणणे’ याचा पुरावा मानायचा की स्वतंत्र प्रकार? विद्यापीठाने आजवर पहिले उत्तर दिले. त्यामुळे प्रयोगाला प्रात्यक्षिकाचे गुण मिळाले आणि ज्ञानाचा दर्जा लेखी उत्तरपत्रिकेकडे राहिला. कीर्तनकाराचे निरूपण, सोंगाड्याची हजरजबाबी आणि संकलकाने कापलेली फिल्म यांना स्वतंत्र युक्तिवाद मानायचे ठरविले, तर प्रबंध म्हणजे काय याचीच व्याख्या नव्याने करावी लागेल.

या व्याख्येत एक जोखीमही आहे आणि तिची जाणीव अलीकडच्या एका घटनेने करून दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ललित कला केंद्रातील विद्यार्थ्यांच्या एका नाट्यप्रयोगास धार्मिक भावनांच्या नावाने आक्षेप घेऊन तो बंद पाडण्यात आला. त्यानंतर विभागप्रमुख आणि काही विद्यार्थी यांना अटक झाली व पुढे जामीन मिळाला. त्या प्रयोगाच्या गुणावगुणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. महत्त्वाचे आहे ते असे की, वर्गात बसून केलेल्या पाठचिकित्सेला जे संरक्षण सहजगत्या मिळते, ते प्रयोगाला मिळत नाही. संहिता ग्रंथालयात राहू शकते. प्रयोगाला प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षक आले की समाज त्याच्या साऱ्या श्रद्धा आणि रागांसह वर्गात येतो. विद्यापीठाने प्रयोगाला आत घेतले तेव्हा या समाजालाही त्याने आत घेतले. त्याचे दायित्व स्वीकारण्याची तयारी मात्र त्याने केली होती असे दिसत नाही. चुकण्याची मुभा असलेली जागा हीच तालीम. ती मुभा गेली तर प्रयोगशिक्षण म्हणजे ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या रीतीने करून दाखविणे एवढेच उरते.

१८५५ च्या कमिटीसमोर एका नाटकाचा ग्रंथ होता आणि तिने तो नाकारला. आजच्या विद्यापीठासमोर ग्रंथ नसलेले नाटक, गाथेबाहेरचा अभंग आणि पदवी नसलेला गुरू आहेत. त्यांना पदविका, गुण आणि विभाग देऊन विद्यापीठाने अर्धे अंतर कापले आहे. उरलेले अंतर कापायचे, तर कान्हू पाठकांचा अभंग गाणारा टाळकरी हा अभ्यासाचा विषय आहे, या भूमिकेवरून तो अभ्यासातील सहाध्यायी आहे, या भूमिकेकडे जावे लागेल. तसे झाल्यास मराठी विभागालाही आपल्या संहिता नव्याने ऐकू येऊ लागतील.